साडेबारा टक्के

सहा तारखेला न्हावाशेव्याहून सुटलेली द्राक्षं
एकोणतीस मार्चच्या आत पोचतील की नंतर,
यावर माझं अख्खं टेबल अडलंय.
आत पोचली तर युरोपात उतरतील,
नंतर पोचली तर नुसत्या इंग्लंडात.
जहाज तेच, धक्का तोच,
निफाडचे तेच घड शून्य अंशावर गप्प.
मी दोन्ही तऱ्हेचे कागद करून ठेवलेत,
एक निळ्या फायलीत, एक पिवळ्या.

बेलापूर, सेक्टर अकरा, चौथा मजला.
रात्रीचे साडेबारा. तिकडे संध्याकाळचे सात.
कोपऱ्यातल्या टीव्हीवर हिरव्या बाकांची खोली,
माणसं उठतात, बसतात, हुर्यो करतात,
मग होवाले एका दारानं जातात, नाहीवाले दुसऱ्या,
आणि दारात उभं राहून कोणीतरी डोकी मोजतं.

मनवेल लोपीस म्हणतो, येडे झालेत,
चाळीस वर्षांचं बिऱ्हाड असं मोडतात का?
श्रीधन म्हणतो, घर त्यांचं, कडी त्यांची,
कडी लावायला शेजाऱ्याची परवानगी कशाला?
मनवेल म्हणतो, तुला वसईच्या चर्चची कमिटी माहीत नाही.
त्याचा इथे काय संबंध, ते कोणालाच कळत नाही,
पण आवाज चढतात.
तिथे दोघांनाही मत नाही.

फेलिक्सस्टोहून ग्रॅहमचा फोन.
बारा वर्षं माझे कंटेनर उतरवून घेतो,
चेहरा पाहिला नाही, खोकला ओळखते.
‘बावन्न टक्के, मिसेस भोईर. लोकांनी सांगितलंय, निघा.’
मग आवाज खाली आणून :
‘त्या नव्या फॉर्मात रकाना सतरा काय भरायचा?’
म्हटलं, कोरा ठेव. मीही ठेवलाय.
तो हसला. म्हणाला, तुमच्याकडे झालंय का कधी?
सगळ्यांना विचारलं, राहायचं की निघायचं?

खिडकीतून करावं दिसत नाही,
टॉवर दिसतात, त्यांच्या बुडाशी कुठेतरी करावं.
आमचे टक्के वेगळे होते, ग्रॅहम. साडेबारा.
मतांचे नव्हेत. गेलेल्या जमिनीतले,
परत मिळायचे. तेही रस्त्यावर बसल्यावर.
आबा चौऱ्याऐंशीत जासईला गेले
आणि आले ते एका पायात दुसऱ्याचीच चप्पल घालून.
ती आईनं टाकली नाही. कोणाची होती, कळलं नाही.

त्याआधी खाडीला बांध होता.
घरटी एक माणूस, शिमग्याआधी चिखल टाकायला.
एका वर्षी दामाकाका उठला,
म्हणाला, माझा हिस्सा मी बघीन, तुमचं तुम्ही.
उधाण नेमकं त्याच्याच हिश्शातून आत आलं
आणि मीठ सगळ्यांच्या भातात बसलं, तीन वर्षं.
मी आईला विचारलं, मग दामाकाकाचं चुकलं ना?
‘चुकला कसा? पंच हिशोब दाखवीत नव्हते.
दामा बोलला तो खराच.
पन पानी काय हिशोब बगते?’
नंतर लाल निशाणं घेऊन मोजणीवाले आले.
बांधही गेला, दामाचा हिस्साही.
ना त्याला विचारलं, ना पंचांना.

यातलं इंग्रजीत मला एकच वाक्य जमलं :
नाही. आम्हाला कोणी विचारलंच नाही.

पलीकडे खोकला. मग तो म्हणाला,
‘सुटलात. विचारलं की असे हाल होतात.’

बारा वर्षांत पहिल्यांदा
मी त्याच्याआधी फोन ठेवला.

टीव्हीवर आकडा आला. हेही नको म्हणाले.
तेही नको म्हणालेच होते.
मनवेल टेबलावर हात आपटून हसला,
श्रीधननं गार चहा बेसिनमध्ये ओतला.
जहाज तांबड्या समुद्रात कुठेतरी, आपल्या वेगानं.

एक दहाला पुन्हा त्याचा फोन.
हॅलो नाही, काही नाही.
‘रकाना सतरा. पेन्सिलीनं तरी सांगा.’
मी पिवळी फाईल उघडली.